डाव्या हाताचं पेपरवेट

यम्ना मॅडमनी शेवटी पेपरवेट निवडलं.

हे वाक्य चुकून बाहेर आलं. ते नव्हतंच असं समजा. कुणी विचारलंच तर सांगा की मॅडम अजून आलेल्या नाहीत, निवड व्हायची आहे, आणि पेपरवेट आपल्या जागी, चलनांच्या गठ्ठ्यावर, निमूट बसलेलं आहे.

तर फुजैऱ्यात, बंदराच्या पाठीमागे, जिथे डोंगर जवळजवळ रस्त्यावर येऊन बसले आहेत, तिथे एक परवानाधारक कारखाना आहे. तिथे नेमबाजांच्या मापाने रायफली बनतात. शिंप्याकडे माप देतात तसंच. फक्त इथे कापड पोलादाचं, आणि घट्ट झालं तर कडेने सोडून द्यायची सोय नाही. कारभार सगळा इद्रीसभाईंचा. इद्रीसभाई म्हसळ्याचे. तीस वर्षं आखातात काढूनही त्यांचं मराठी खाडीतून नुकतंच वर काढल्यासारखं ओलं होतं.

गुणवंत मांडवकर त्यांच्या हाताखाली पाच वर्षं रायफली पुसत होता.

इथली प्रत्येक रायफल बाहेर पडताना तिच्यासोबत एक कार्ड जातं. त्यावर रकाने असतात: नळी, दस्ता, ॲक्शन, बिल्डर, सफाई. शेवटच्या रकान्यात गुणवंतचं नाव दोनशे बारा वेळा लागलं होतं. त्याला एक रकाना वर चढायचं होतं. एवढंच. संगमेश्वरजवळच्या गावात त्याची आई, नर्मदाबाई, 'माझा मुलगा दुबईत बंदुका बनवतो' असं सांगून बसली होती. (फुजैरा दुबईत नाही हे तिला सांगून झालं होतं. तिने ते मंजूर केलं नव्हतं.)

वर न चढण्याचं कारण टेबलावरच होतं. नोकरीच्या पहिल्याच महिन्यात गुणवंतला एक ॲक्शन मागवायला सांगितलं होतं. ॲक्शन म्हणजे रायफलचा गाभा. मागे दस्ता, पुढे नळी, आणि मधे हे पोलादी घर, ज्यात बोल्ट पुढेमागे सरकतो. बोल्टला बाहेरून एक दांडी असते. उजव्या हाताने नेम धरणाऱ्याला ती उजवीकडे लागते. गुणवंतने कॅटलॉगातलं चित्र बघून, दांडी उजवीकडे असलेली ॲक्शन मागवली. चित्र समोरून, नळीच्या तोंडाकडून काढलेलं होतं. आता कुणाकडेही समोरून बघायचं ही घरची शिकवण. त्यात त्याचा काय दोष? पण पेटी उघडली तेव्हा आत डावखुऱ्याची ॲक्शन निघाली. परत जाईना, विकली जाईना. इद्रीसभाईंनी गुणवंतला लेखी ताकीद दिली आणि ॲक्शन चलनांवर पेपरवेट म्हणून ठेवली. दर तपासणीला अधिकारी रजिस्टर उघडून विचारायचे, 'ही कुठे आहे?' भाई बोट दाखवायचे. अधिकारी लिहायचे, 'आहे.'

गुणवंत मात्र दर गुरुवारी, कुणी बघत नसताना, पेपरवेटला तेल द्यायचा. पाप झालं तरी ते गंजू नये असं त्याला वाटायचं.

मग यम्ना मॅडमची ऑर्डर आली.

मॅडम इथल्याच. महिलांच्या स्पर्धांत नेमबाजी करणाऱ्या, सव्वीस-सत्तावीसच्या, सरळ ताठ. हिंदी फर्डं बोलायच्या, पण ते सगळं टीव्हीवरच्या सासू-सुनांच्या मालिकांतून शिकलेलं. त्यामुळे 'पाणी मिळेल का' हेही त्या असं विचारायच्या की घरातली तीन माणसं दचकून एकमेकांकडे बघतील. आठवड्यापूर्वी येऊन, कावा, म्हणजे अरबी कॉफी, पिऊन, नवीन रायफल हवी असं सांगून गेल्या होत्या.

"गुणवंता," इद्रीसभाई म्हणाले, "तीन ॲक्शन काढून ठेव. गुरुवारी मॅडम येतील, तू समजावून सांग. तू सुचवलेली त्यांनी घेतली, तर रायफल तू बांधायची. बिल्डर म्हणून नाव तुझं."

"आणि नाही घेतली तर?"

"तर पुसायला रायफली आहेतच की. त्या कुठे जातात?"

गुणवंतने तिघी काढल्या आणि रात्रंदिवस त्यांचाच विचार करू लागला. मनातल्या मनात त्याने त्यांना थोरली, मधली आणि धाकटी म्हणायला सुरुवात केली. थोरलीला काडतुसाची कड पकडणारी भलीमोठी नखी. एकदा धरलं की सोडायची नाही. स्वभावाने संशयी, पण भरवशाची. धाकटीच्या बोल्टला घरात अडकणारे तीन खुंट, म्हणून दांडी थोडीशीच, साठ अंश उचलली की झालं. चपळ, पण उचलताना नखरा फार, जोर लावावा लागतो. मधलीला दोन खुंट, दांडी पुरती नव्वद अंश उचलायची, पण उचलताना लोण्यातून सुरी. शिवाय खालून बंद, एकेक काडतूस हाताने भरायची, त्यामुळे अंगाने दणकट. निशाण्याच्या रायफलला दुसरं काय हवं? गुणवंतचं मन मधलीवर बसलं होतं.

बुधवारी खंडेनवमी आली.

खंडेनवमीला हत्यारांची पूजा करतात आणि मग दुसऱ्या दिवसापर्यंत त्यांना काम लावत नाहीत. वर्षभर राबतात, एक दिवस बसू द्यायचं. गुणवंत दरवर्षी आपल्या पान्यांना आणि मोजमापाच्या व्हर्नियरला हळदकुंकू लावायचा. इद्रीसभाईंची त्याला ना नव्हती. "आमच्या म्हसळ्यातले सुतारही करायचे," ते म्हणायचे, "फक्त माझ्या खुर्चीला लावू नको." त्या दिवशी भाई सकाळपासून कस्टमच्या कामाला गेले होते. मागे राहिले गुणवंत आणि महादू. महादू म्हणजे पॅकिंगवाला. रायफलच्या पेट्यांत फोम कापून बसवायचा. मूळचा आटपाडीकडचा, आणि कुठल्याही धार्मिक कार्यात गरजेपेक्षा जास्त उत्साही. दुबईतल्या बर दुबई भागातल्या गल्लीतून दोन किलो झेंडू त्यानेच आणला होता.

कारखान्यात फोन आणायला बंदी होती. पण आई ही फोनमध्ये मोडत नाही असं गुणवंतचं मत असल्यामुळे नर्मदाबाई व्हिडिओवर हजर होत्या.

"ते तीन कसले रे?" त्यांनी विचारलं.

"ॲक्शन, आई. गिऱ्हाइकाच्या आहेत. त्यांना नको."

"हत्यारच ना ते?"

"हत्याराचं काळीज म्हण."

"मग सगळ्या पान्यांना हळद आणि काळजाने काय घोडं मारलंय मेल्या? लाव."

गुणवंतने लावली. थोरली, मधली, धाकटी, तिघी अक्षता घेऊन झेंडूत बसल्या. चेहऱ्यावर असं तेज की कुणी मागणी घालावी. मग लेथ. मग पाने. मग महादूला चेव आला. त्याने टेपच्या बंदुकीला हळद लावली, पाण्याच्या फिल्टरला लावली, सगळ्या पेनांना लावली, आणि गुणवंतने मागे वळून बघेपर्यंत हजेरीच्या अंगठा-मशिनलाही कुंकू लावून, हार घालून, हात जोडून मोकळा झाला.

"अरे, ते हत्यार आहे का?"

"त्याच्याइतका वार कोण करतंय भावा? चार मिनिटं उशीर झाला की अर्धा दिवस उडवतंय."

तेवढ्यात बाहेर गाडी थांबली. इद्रीसभाई आत आले आणि त्यांच्या मागोमाग, काळ्या पायघोळ अबायाची बाही सावरत, यम्ना मॅडम.

"उद्या सराव शिबिराला निघायचंय यांना," भाई म्हणाले, "म्हणून आजच... " आणि थांबले. त्यांनी झेंडू पाहिला, लेथ पाहिला, मशिनच्या गळ्यातला हार पाहिला. "गुणवंता, आज कामावर कोण कोण आहे?"

"कागदोपत्री कुणीच नाही भाई. मशिन बसलंय."

"आणि मॅडमच्या ॲक्शन?"

"त्याही बसल्यात."

फोनमधून आवाज आला, "त्यांना आज कुणी हात लावायचा नाही हं! वर्षभर हात चालणार नाही."

"ही कोण?" भाईंनी विचारलं.

"आई."

"सलाम वहिनी," भाई फोनला म्हणाले, आणि मग दबक्या आवाजात गुणवंतला, "फोनचं मी नंतर बघतो तुझ्याकडे."

मॅडम मात्र टेबलाशी पोचल्या होत्या. "ये क्या हो रहा है इस घर में?" त्यांनी विचारलं. महादू दोन पावलं मागे सरला.

बोल्ट न सरकवता ॲक्शन निवडायची म्हणजे डोळे मिटून चष्मा निवडण्यासारखं. बोल्ट सरकवावा तर आई. न सरकवावा तर मॅडम परत जाणार, शिबिरात कुणीतरी दुसऱ्या कारखान्याचं नाव सांगणार, आणि गुणवंत दोनशे तेरावी रायफल पुसणार. त्याने घसा साफ केला.

"मॅडम, आज इनका... उपवास है."

"राइफल का उपवास?" मॅडमनी तिघींकडे बघितलं. मग आवाज एकदम हळू केला. "मतलब रोजा?"

"हां. वैसाही."

"शाम को मगरिब में खुलेगा?"

"नहीं मॅडम. कल सुबह."

"इतना लंबा!" मॅडमना खरंच कळवळा आला. "बेचारे. पानी भी नहीं?"

"तेल भी नहीं."

मॅडमनी छातीवर हात ठेवला आणि टेबलापासून एक पाऊल मागे सरकल्या, रोजेदारासमोर खाऊ नये तशा. इद्रीसभाईंनी आढ्याकडे बघितलं. गुणवंतने घाईने पेढ्यांचा बॉक्स पुढे केला. मॅडमनी उजव्या हाताने एक पेढा घेतला, आणि मग, बहुधा बिचाऱ्यांना दिसू नये म्हणून, पाठ फिरवून खाल्ला.

"तो फिर मैं चुनूं कैसे?" त्यांनी विचारलं.

इथे गुणवंतच्या डोक्यात जे आलं, ते का आलं हे त्याला आजही सांगता येत नाही.

"महादू," तो म्हणाला, "तू बोल्ट हो."

"व्हय," महादू म्हणाला. असल्या गोष्टीला तो कधी कारण विचारत नसे.

नेमबाजीची चटई अंथरली गेली. मॅडम अबाया आवरून तिच्यावर पालथ्या पडल्या, कोपर टेकले, आणि हवेतली रायफल धरली. महादू त्यांच्या उजव्या बाजूला उकिडवा बसला आणि हात आडवा पसरला. ही दांडी. गुणवंतने भाईंनाही खाली बसवलं, पुढे नळी म्हणून. भाई बसताना काही म्हणाले, ते म्हसळ्याबाहेर कुणाला कळणार नाही.

"पहिली, थोरली," गुणवंतने जाहीर केलं. "महादू, जड. आणि मॅडमचं बोट पकड, सोडू नको. तुला नखी आहे."

"बोट नको," भाई खालून म्हणाले. "नखी तोंडी सांग."

"धरलंय," महादू म्हणाला तोंडी. "सुटायचं नाही."

"आता धाकटी. साठ अंश. तिथेच थांब. पण उचलू देताना अंग चोर."

महादूने अंग चोरलं. दंडाची बेडकी फुगवली.

"आता मधली. मॅडम, ध्यान से देखिए. नव्वद अंश. महादू, लोणी."

महादू लोणी झाला. हात असा सैल सोडला की मानही सोबत गेली. गुणवंत श्वास रोखून बघत होता. मॅडमचा हात दांडीकडे निघाला. पण तो महादूच्या हाताकडे येईचना. तो पलीकडेच, हवेत, काहीतरी चाचपडत होता.

"मॅडम, इधर. हाथ गलत जा रहा है."

मॅडमनी मान वर केली. "मेरा हाथ ठीक है. तुम्हारा आदमी गलत तरफ बैठा है."

महादूने गुणवंतकडे बघितलं. गुणवंतने भाईंकडे. भाई नळी असल्यामुळे त्यांना मागे बघता येत नव्हतं.

"मॅडम," गुणवंतने अगदी जपून विचारलं, "आप... डाव्या... लेफ्ट हैं?"

"बचपन से."

"फॉर्मवर 'उजवा' लिहिलंय," गुणवंत मराठीत पुटपुटला.

"मी लिहिलंय," नळी म्हणाली. "मागच्या वेळी कावा उजव्या हाताने घेतला ना त्यांनी! माझ्या डोळ्यांनी पाहिलं. आणि आता तू पेढा दिलास, तोही उजव्यानेच घेतला."

"कावा तो सीधे हाथ से ही पीते हैं ना," मॅडम म्हणाल्या. त्यांना तेवढं मराठी कळलं असावं. "और मिठाई भी. लेकिन गोली कौन खाता है?"

"आमच्यातही पेढा उजव्यानंच," महादू म्हणाला, आणि डावा हात उगाच मागे लपवला.

दोन धर्मांच्या चांगल्या वळणाने मिळून एका बाईचा नेमबाजीचा हात कुणाला दिसू दिला नव्हता. टेबलावर थोरली, मधली आणि धाकटी, तिघी उजव्या हाताच्या, कुंकू लावून, कुणीही न्यायला नसलेल्या.

मॅडम उठल्या. अबायाची धूळ झटकली. "खैर," त्या म्हणाल्या, आणि त्या एका शब्दात मालिकेचे शेवटचे चार भाग होते. "मेरे ऑर्डर का फॉर्म वापस कर दीजिए."

गुणवंतला रकाना दिसला. सगळ्यात खालचा. त्यात दोनशे तेरा, दोनशे चौदा, निवृत्तीपर्यंत.

भाईंनी खालूनच टेबलावरच्या चलनांकडे बोट केलं. मॅडमनी त्यातला फॉर्म काढायला पेपरवेट उचललं. डाव्या हाताने.

त्यांचा अंगठा आपसूक दांडीवर गेला. दांडी उचलली गेली, पुरती नव्वद अंश. बोल्ट मागे आला, पुढे गेला, मिटला. आवाज एवढा बारीक की महादूला वाटलं कुणीतरी पेढ्याचा डबा बंद केला. चलनं पंख्याच्या वाऱ्यावर उडाली आणि सगळ्यांच्या अंगाखांद्यावर पडली.

मॅडमनी पुन्हा एकदा केलं. आणि पुन्हा. मग त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं, ते कुठल्याही मालिकेत शिकलेलं नव्हतं.

"इसका रोजा नहीं है?"

"नाही," गुणवंत म्हणाला. "ती... त्याला कुणी हळद लावली नाही. ते हत्यारांत नव्हतं."

"मॅडम, ते पेपरवेट आहे," भाई उठत म्हणाले.

"मुझे यही पेपरवेट चाहिए. नली लगाइए, दस्ता लगाइए. कौन बनाएगा?"

गुणवंतने पेढ्यांचा बॉक्स खाली ठेवला. ही मधलीची जुळी होती. दोन खुंट, नव्वद अंश, खालून बंद, आरशात बघावी तशी उलटी. पाच वर्षं तो तिला तेल देत होता आणि एकदाही त्याने तिच्याकडे समोरून बघितलं नव्हतं.

"मी," तो म्हणाला.

"थांब," भाई म्हणाले. "मी काय बोललो होतो? तू सुचवलेली घेतली तर. तू तर मधली सुचवत होतास."

"ही पण मीच सुचवलीय भाई. पाच वर्षांपूर्वी."

"पुरावा?"

गुणवंत आपल्या कपाटाकडे गेला आणि प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेला कागद घेऊन आला. भाईंची ताकीद होती ती. सही, शिक्का, सगळं. भाईंनी ती मोठ्याने वाचली: "सदर कर्मचारी गुणवंत मांडवकर यांनी स्वतःच्या निर्णयाने, कुणालाही न विचारता, डाव्या हाताची ॲक्शन निवडून मागवली आहे." वाचून झाल्यावर भाई बराच वेळ 'कुणालाही न विचारता' याच शब्दांवर बोट ठेवून उभे राहिले.

"हे मीच लिहिलं?"

"अक्षर बघा."

"अक्षर माझंच आहे," भाई म्हणाले. मग हसायला लागले, पोट धरून, नळी असल्यासारखे पुढे वाकून. मॅडमना अर्थ सांगितला तशा त्याही हसल्या, आणि महादू तर कारण न कळताही आधीपासूनच हसत होता. "लिही कार्ड! बिल्डर, गुणवंत मांडवकर!"

"आता नाही लिहिता येणार भाई."

"का?"

महादूने खाली बघितलं. "पेनं बसल्यात."

"उद्या लिहा," नर्मदाबाई फोनमधून म्हणाल्या. "दसरा आहे. मुहूर्त चांगला. आणि त्या मुलीला अजून एक पेढा द्या."

मॅडमनी तो उजव्या हातानेच घेतला. डाव्या हातात पेपरवेट होतं.

दसऱ्याच्या सकाळी उत्तरपूजा झाली, पेनं उठली, आणि कार्डावर नाव लागलं. बिल्डरच्या रकान्यात. सफाईच्या रकान्यातही त्याचंच लागलं, कारण स्वतःची रायफल दुसऱ्याला पुसू द्यायला तो तयार नव्हता. कार्डाचा फोटो संगमेश्वरला गेला. आणि पेनं उठलीच आहेत तर म्हणून गुणवंतने त्याच बैठकीत एक अर्जही लिहून टाकला:

प्रति,
मा. इद्रीसभाई, व्यवस्थापक

विषय: एका ताकिदीस पूर्वलक्षी प्रभावाने बढती देणे व इतर बाबी.

महोदय,
उपरोक्त विषयान्वये नम्र विनंती की, पाच वर्षांपूर्वी मला दिलेल्या ताकिदीचे, ती दिलेल्या तारखेपासूनच, प्रशस्तिपत्रात रूपांतर करण्यात यावे. तसेच खंडेनवमीस हजेरीचे मशिन विश्रांतीवर असल्याने त्या दिवशी कर्मचारी गैरहजर नसून मशिन गैरहजर होते, अशी नोंद घेऊन मशिनचा अर्धा दिवस कापावा. श्री. महादू यांनी बजावलेल्या बोल्टच्या सेवेची नोंद त्यांच्या अनुभवाच्या दाखल्यात 'दांडी, तिन्ही प्रकार' अशी व्हावी. शेवटी, कार्यालयातील चलने कालपासून उडत असल्याने नवीन पेपरवेट म्हणून डाव्या हाताचीच एक ॲक्शन तातडीने मागवण्यात यावी, व ती मागवण्याचे काम अर्जदाराकडेच द्यावे, कारण या कामाचा अनुभव कंपनीत फक्त त्यालाच आहे.

आपला आज्ञाधारक,
गुणवंत मांडवकर
(बिल्डर)